'चा-ची-चे' म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी-एस नव्हे!



इंग्रजीत पझेसिव्हचा धडा आला की बऱ्याच वर्गांत फळ्यावर एक वाक्य हमखास दिसतं. 'चा, ची, चे म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी-एस.' मुलं ते वहीत उतरवून घेतात, खाली 'राजूचे पुस्तक – राजूज बुक' असं एक उदाहरण लिहितात आणि धडा संपतो. गाइडमध्येही हेच, क्लासमध्येही हेच. माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य फळ्यावरून पुसून टाकायला हवं. त्याने मुलांची जितकी सोय होते, त्याच्या कितीतरी पट गैरसोय पुढची पाच-सहा वर्षं होत राहते.

आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आठवीत आलेलं मूल सात वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. तरीही त्याच्या वहीत 'टेबल्स लेग' सापडतं, 'टेबल ऑफ लेग' सापडतं, 'सीमा अँड हिज ब्रदर' सापडतं. आपण म्हणतो, पोरगं कच्चं आहे. घरी आई-बाबा म्हणतात, इंग्रजी माध्यमात घातलं असतं तर बरं झालं असतं. खरं तर त्या पोराने फळ्यावरचा नियम अगदी इमानदारीने पाळलेला असतो. चुकतो तो नियमच.

आधी आपल्या 'चा'कडे नीट बघू या. ही षष्ठी विभक्ती. एकवचनी चा-ची-चे, अनेकवचनी चे-च्या-ची, हे आपण सगळ्यांनी घोकलंय. पण षष्ठीचा मूळ अर्थ संबंध. मालकी हा त्या संबंधाचा एक प्रकार झाला. संस्कृत व्याकरणात तर षष्ठीच्या या संबंधाला कारकांत धरतच नाहीत, कारण कारकं नामाला क्रियापदाशी जोडतात आणि षष्ठी नामाला नामाशी. आता दोन नामांत संबंध किती तऱ्हेचे असतात? कोणाचं, कशाचा भाग, कशापासून बनलेलं, कुठून आलेलं, कुठे जाणारं, कधीचं, केवढ्याचं... या सगळ्यांना मराठीत एकटा 'चा' पुरतो. स्वयंपाकघरातल्या सांडशीसारखा, जे तापलेलं असेल ते उचलतो.

हे दहा शब्दसमूह बघा. आजीचा चष्मा. टेबलाचा पाय. गणिताचं पुस्तक. मातीचं मडकं. उद्याचा पेपर. चहाचा कप. पुण्याची गाडी. दहा रुपयांची नोट. नाशिकची द्राक्षं. पावसाचं पाणी. मराठीत दहाही ठिकाणी 'चा'चंच कुटुंब आहे. इंग्रजीत काय होतं? 'ग्रँडमाज स्पेक्टॅकल्स', 'लेग ऑफ द टेबल', 'मॅथ्स बुक', 'क्ले पॉट', 'टुमॉरोज पेपर', 'कप ऑफ टी', 'ट्रेन टू पुणे', 'टेन-रुपी नोट', 'ग्रेप्स फ्रॉम नाशिक', 'रेनवॉटर'. मोजून बघा, ॲपॉस्ट्रॉफी-एस लागलं ते फक्त आजीला आणि उद्याला. दहापैकी दोन! उरलेल्या आठ ठिकाणी फळ्यावरचा नियम मुलाला फसवणार.

(जाता जाता. 'टेन-रुपी'मध्ये 'रुपी'च, 'रुपीज' नाही. आणि चहाचा कप फुटला तर तो 'टी-कप', चहाचा कप प्यायला तर तो 'कप ऑफ टी'. मराठीत आपण कप फोडतोही आणि पितोही.)

म्हणून माझं म्हणणं असं, की या धड्याची सुरुवात इंग्रजीतून करूच नये, मराठीतून करावी. पहिल्या दिवशी मुलांना घरातले, रस्त्यावरचे, बाजारातले 'चा' गोळा करून आणायला सांगा. मग वर्गात त्यांची वाटणी करा. हा 'चा' मालकीचा की नात्याचा, की भागाचा, की कशापासून बनलं ते सांगणारा? या वाटणीत मुलं खूप रमतात, भांडतातही. 'शाळेची बस' म्हणजे शाळेच्या मालकीची, की शाळेत नेणारी? भांडू द्या. त्या भांडणात व्याकरणच शिकून होतं. इंग्रजी दुसऱ्या दिवशी.

यावर काही सहकाऱ्यांचा आक्षेप मला माहीत आहे. इंग्रजीच्या तासाला मराठी आणायची नाही, मुलांनी इंग्रजीतच विचार करायला हवा. ऐकायला छान आहे. पण ज्या घरात, गल्लीत, मैदानावर इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, तिथलं मूल मनात मराठीच बोलणार. मराठी वर्गाबाहेर ठेवली तरी ती मुलाच्या डोक्यात बसून भाषांतर करतच असते, फक्त आपल्याला ते दिसत नाही. 'टेबल ऑफ लेग' कुठून येतं? मुलाला कोणीतरी सांगितलेलं असतं की 'चा' म्हणजे 'ऑफ'ही होतं. त्याने 'टेबल', 'चा', 'पाय' हे तीन डबे ओळीने ठेवले. त्याला हे सांगायला हवं की ॲपॉस्ट्रॉफी-एसमध्ये मराठीचाच क्रम राहतो, आधी आजी, मग चष्मा. 'ऑफ'मध्ये मात्र गाडी उलटी जोडायची, आधी पाय, मग टेबल. हे मराठीचं नाव न काढता कसं सांगणार?

मग कुठे ॲपॉस्ट्रॉफी-एस आणि कुठे 'ऑफ'? पुस्तकात नियम असतो, सजीवाला ॲपॉस्ट्रॉफी-एस, निर्जीवाला 'ऑफ'. हा नियम कामचलाऊ आहे, पण दगडावरची रेघ म्हणून शिकवू नका. आज, उद्या, आठवडा, वर्ष हे निर्जीवच, तरी 'टुडेज न्यूज' म्हणतात. 'इंडियाज कॅपिटल' म्हणतात. 'द कार्स इंजिन'सुद्धा सर्रास लिहितात. माणसं, प्राणी, काळ, देश, संस्था यांना बिनधास्त ॲपॉस्ट्रॉफी-एस लावावं. वस्तूंच्या बाबतीत आधी दोन नामं नुसती शेजारी ठेवून बघावीत ('स्कूल बस', 'टेबल लेग'), नाही जमलं तर 'ऑफ'. सहावी-सातवीपर्यंत एवढं पुष्कळ झालं.

आता 'हिज' आणि 'हर'. मला विचाराल तर संपूर्ण विषयातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच, आणि तिच्यावर आपण सगळ्यात कमी वेळ देतो. ॲपॉस्ट्रॉफी चुकली तर ती कागदावर चुकते. 'सीमा अँड हिज ब्रदर' हे बोलताना चुकतं आणि समोरचा हसतो. एकदा हसलं की मूल पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

ही चूक का होते? शब्दार्थाच्या यादीत आपण लिहून देतो, 'हिज – त्याचा, हर – तिची'. मुलाच्या कानात राहतो तो शेवट. चा म्हणजे हिज, ची म्हणजे हर. मग 'तिचा भाऊ' आला की 'चा' ऐकून 'हिज', आणि 'त्याची बहीण' आली की 'ची' ऐकून 'हर'. आपल्या भाषेचीच ही सवय आहे. मराठीत शेवट बदलतो तो वस्तूप्रमाणे. भाऊ आला म्हणून 'चा', बहीण आली म्हणून 'ची', घर आलं म्हणून 'चं'. मालक कोण आहे ते शब्दाच्या सुरुवातीला कळतं, 'त्या' की 'ति'.

वर्गात हे सांगायला एक सोपी युक्ती आहे. शब्दाला डोकं आणि शेपूट असतं म्हणायचं. 'ति-चा'. डोकं 'ति', शेपूट 'चा'. डोकं मालकाकडे बघतं, शेपूट वस्तूकडे. इंग्रजीने शेपूट कापून टाकलंय, तिथे फक्त डोकं उरलंय. म्हणून इंग्रजी करताना बोटाने शेपूट झाकायचं आणि डोकं वाचायचं. 'ति' दिसलं की 'हर', पुढे भाऊ असो, बहीण असो, घर असो. फळ्यावर खरंच शेपूट हाताने झाका. चौथीच्या मुलांना हे लगेच पटतं, आणि मग इंग्रजी किती सोपी आहे हेही कळतं. माझा, माझी, माझे, माझ्या, या चार रूपांच्या जागी तिथे एकटं 'माय'. बाहेरून मराठी शिकायला आलेल्या माणसाला विचारा आपली शेपटं किती छळतात ते.

ही युक्ती एका ठिकाणी मात्र चालत नाही, आणि तिथे मुलांना एकटं सोडू नये. 'सीमाने आपल्या भावाला हाक मारली.' इथे डोकं कुठेय? 'आपल्या' या शब्दावरून मालक मुलगा की मुलगी काहीच कळत नाही. मूल पाठ केलेला अर्थ लावतं आणि लिहितं, 'सीमा कॉल्ड अवर ब्रदर'. इथे वाक्यात मागे जाऊन कर्ता शोधायचा, सीमा, म्हणून 'हर ब्रदर'. आपला 'आपला' तसा मोठा गमतीचा आहे. तो कर्त्याचं स्वतःचं दाखवतो, 'आपली शाळा'मध्ये तुमचं-आमचं एकत्र दाखवतो आणि 'आपलं नाव काय?' विचारताना समोरच्याला मान देतो. इंग्रजीत या तिघांना तीन वेगळी दारं आहेत.

दुसरी अशीच जागा म्हणजे आदरार्थी बहुवचन. 'बाबा त्यांच्या खोलीत आहेत' याचं मूल 'फादर इज इन देअर रूम' करतं. त्याने बाबांना मान दिला, इंग्रजीने तो घेतला नाही. इथे लाल फुली मारण्याआधी दोन मिनिटं थांबून सांगावं की मराठीत मान दाखवायला आपण एकाला अनेक करतो, इंग्रजीत तशी सोय नाही, तिथे बाबासुद्धा 'हिज'च. पालकांनीही हे लक्षात घ्यावं. सरांबद्दल 'हिज' म्हणणारं मूल उद्धट झालेलं नसतं.

'माय' आणि 'माइन'चा घोळ त्या मानाने लवकर सुटतो. मराठीत 'माझं पुस्तक' आणि 'हे पुस्तक माझं आहे' दोन्हीकडे 'माझं'च, म्हणून मूल 'धिस बुक इज माय' म्हणतं. पुढे नाम नसेल तर 'माइन', 'युअर्स', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स', असं चार दिवस खेळातून घेतलं की बसतं. 'माझा एक मित्र' म्हणजे 'माय वन फ्रेंड' नव्हे, 'अ फ्रेंड ऑफ माइन'. हे मात्र मोठी माणसंही चुकतात.

आता उरली ती ॲपॉस्ट्रॉफी, जिच्यावर आपली निम्मी लाल शाई खर्च होते. एक गंमत बघा. एका मुलाचं, अनेक मुलांचं आणि नुसती अनेक मुलं, हे तिन्ही शब्द मी इथे देवनागरीत लिहायला गेलो तर तिन्ही वेळा 'बॉइज' असंच लिहावं लागेल. तिघांचा उच्चार एकच आहे. ॲपॉस्ट्रॉफी कानाला कधीच ऐकू येत नाही, ती फक्त डोळ्यांसाठी असते. म्हणून जे मूल अजून इंग्रजी ऐकून-बोलून शिकतंय, त्याच्याकडून ती चुकणार हे गृहीतच धरायला हवं.

आणि खुद्द इंग्रजांचं तरी कुठे एकमत होतं? जुन्या इंग्रजीत कित्येक नामांना षष्ठीचा '-एस' असा प्रत्यय लागायचा, ई आणि एस ही दोन अक्षरं. पुढे त्यातला ई गळला आणि गळल्याची खूण म्हणून हा वरचा स्वल्पविराम आला. सोळाव्या-सतराव्या शतकात बऱ्याच लोकांना वाटायचं की हे 'हिज'चं लघुरूप आहे, म्हणून ते सरळ 'अमुक हिज तमुक' असं लिहायचे. बेन जॉन्सन या नाटककाराचं 1605 साली छापलेलं नाटक आहे, त्याचं नावच 'सेजेनस हिज फॉल'. उद्या एखाद्या मुलाने 'राजू हिज बुक' लिहिलं तर फुली जरूर मारा, पण त्याचे पूर्वज बडे होते हेही सांगा! 1787 च्या अमेरिकेच्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितात 'त्याचे' या अर्थाचं 'इट्स' ॲपॉस्ट्रॉफी देऊन लिहिलेलं आहे. आज त्यालाच आपण चूक म्हणतो. लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही शेजारशेजारची स्टेशनं. पहिल्याला ॲपॉस्ट्रॉफी आहे, दुसऱ्याला नाही. तिथे 2001 मध्ये एका निवृत्त पत्रकाराने ॲपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी चक्क संस्था काढली होती, 2019 मध्ये त्यांनी हात टेकले आणि ती बंद केली.

याचा अर्थ ॲपॉस्ट्रॉफी शिकवूच नका असा नाही. परीक्षेत ती विचारतात, पुढे कार्यालयीन पत्रात ती लागते. पण क्रम ठरवा. आधी 'हिज-हर', मग 'ऑफ'चा उलटा क्रम, मग 'इट्स'चे दोन प्रकार, आणि अनेकवचनाची ॲपॉस्ट्रॉफी सगळ्यात शेवटी. 'इट्स'ची कसोटी सोपी आहे. तिथे 'इट इज' घालून वाक्य वाचायचं. अर्थ लागला तर ॲपॉस्ट्रॉफी, नाही लागला तर नाही. 'हिज', 'हर्स', 'अवर्स' यांना कुठे ती लागते, तशीच मालकीच्या 'इट्स'लाही लागत नाही.

आपल्या मुलांच्या नावांचाही प्रश्न येतो. तेजस, विकास, सुहास, श्रीनिवास यांच्या शेवटी आधीच एस आहे. 'तेजसची वही' लिहिताना नुसती ॲपॉस्ट्रॉफी, की पुढे आणखी एक एस? दोन्ही चालतं. 2006 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कॅन्सस राज्याचा एक खटला होता. त्याच्या निकालपत्रात एका न्यायमूर्तींनी कॅन्ससची षष्ठी एका पद्धतीने लिहिली आणि विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी दुसऱ्या. तेव्हा तेजसचा अर्धा गुण कापायचा आपल्याला अधिकार नाही. मी स्वतः एस जोडायला सांगतो, कारण बोलताना आपण 'तेजसेस' असंच म्हणतो.

अनेकवचनाच्या ॲपॉस्ट्रॉफीसाठी मात्र आपल्या मराठीत एक सुरेख किल्ली आहे आणि ती फारशी कोणी वापरत नाही. 'मुलाची वही' आणि 'मुलांची वही'. फरक काय? डोक्यावरचा एक टिंब. मराठीत तो अनुस्वार जे काम करतो, तेच इंग्रजीत ॲपॉस्ट्रॉफीची जागा करते. टिंब नसेल तर ॲपॉस्ट्रॉफी एसच्या आधी. टिंब असेल तर एसच्या नंतर. 'मुलीचा डबा' – आधी. 'मुलींचा डबा' – नंतर. अपवाद एकच. ज्या शब्दाचं अनेकवचन एस न लावताच झालंय, म्हणजे 'चिल्ड्रन', 'विमेन', 'मेन', तिथे टिंब असूनही ॲपॉस्ट्रॉफी एसच्या आधीच येते. आपला टिंब कानाला ऐकू येतो, त्यांची ॲपॉस्ट्रॉफी येत नाही, म्हणून आधी मराठीत म्हणायचं आणि मग इंग्रजीत लिहायचं.

पालकहो, यातलं बरंचसं काम करायला तुम्हाला इंग्रजी यायलाच हवं असं नाही. भाकरी थापताना, बसमध्ये, बाजारात मुलाला विचारा. 'तिच्या भावाचं घर' यात मालक कोण? 'मातीचं मडकं' मातीच्या मालकीचं आहे का? 'मुलांची' म्हणजे किती मुलं? ही उत्तरं मराठीतच आहेत. ज्या आईला वाटतं की मला इंग्रजी येत नाही, मी काय अभ्यास घेणार, तिने हे जरूर करून बघावं. निम्मा धडा तिच्याकडूनच होईल.

आणि आपल्यासाठी, म्हणजे शिक्षकांसाठी, सरावाच्या दोन जागा हाताशीच आहेत. पहिली रजेचा अर्ज. 'दोन दिवसांची रजा' – टिंब आहे, म्हणून 'टू डेज लीव्ह'मध्ये ॲपॉस्ट्रॉफी एसनंतर. 'एका दिवसाची' असेल तर एसच्या आधी. दुसरी 5 सप्टेंबरचा फलक. 'टीचर्स डे' रंगवताना दरवर्षी कुणी ॲपॉस्ट्रॉफी आधी देतं, कुणी नंतर, कुणी देतच नाही. यंदा फलक रंगवणाऱ्या मुलांना आधी विचारा, शिक्षकाचा दिवस की शिक्षकांचा? टिंब सांगेल ते लिहू द्या. मग 14 नोव्हेंबरला 'चिल्ड्रन्स डे' येईल, तेव्हा तीच मुलं अपवादाची आठवण तुम्हाला करून देतात का ते बघा.